त्रिकोणी घडीचा झेंडा

आखातात, खलिफा सिटीतल्या अमेरिकन अभ्यासक्रमाच्या एका शाळेत मी लायब्ररी सांभाळते. तिथे इतिहास शिकवायला एक अमेरिकन शिक्षिका होत्या. साठीला टेकलेल्या, उंच, किंचित पोक काढून चालणाऱ्या. आमचं बोलणं इंग्रजीतून, त्यामुळे अहो-जाहोचा प्रश्नच नव्हता; पण मनातल्या मनात मी त्यांना ‘बाई’च म्हणायचे, पुण्यात आमच्या शाळेत म्हणायचो तसं. डबा खायला त्या लायब्ररीतच यायच्या. माझ्याकडची मेथीची भाजी आवडीने खायच्या, स्वतःबद्दल मात्र काही बोलायच्या नाहीत. त्या एकट्या राहतात, एवढंच मला ठाऊक होतं.

त्या वर्षी त्यांनी सातवीच्या मुलांसाठी अमेरिकेच्या जुन्या झेंड्यांचं प्रदर्शन भरवायचं ठरवलं. छापील चित्रं लावायला त्या तयार नव्हत्या. “झेंडा कापडाचा हवा,” त्या म्हणाल्या, “कुणीतरी बसून शिवलेला.” माझ्याकडे शिवणयंत्र आहे हे कळल्यावर शनिवारी त्या अल रीमला आमच्या फ्लॅटवर यायला लागल्या. मदिनत झायेदच्या बाजारातून आम्ही दोघींनी कापड आणलं. “मॅडम, नॅशनल डे को तो अभी टाइम है,” दुकानदार म्हणाला; इथल्या राष्ट्रीय दिनाचे झेंडे शिवतोय, असं त्याला वाटलं. बाईंना हिंदी कळलं नाही, पण त्या हसल्या.

पहिला झेंडा शिवला तो तेरा पट्ट्यांचा, कोपऱ्यात चक्क इंग्रजांचं निशाण असलेला.

“हे कसं काय? इंग्रजांशीच भांडण होतं ना?” मी विचारलं.

“होतं. पण वेगळं व्हायचं की नाही, हे अजून ठरलं नव्हतं. राजावर बंदुका रोखलेल्या आणि राजाचंच निशाण कोपऱ्यात.”

मग पांढऱ्या कापडावरचं हिरवं पाइनचं झाड झालं. मग पिवळ्यावर वेटोळं घालून बसलेला खुळखुळ्या साप, खाली ‘मला तुडवू नका’ असं लिहिलेला. हा साप त्याच्याही आधी एका वर्तमानपत्रात तुकडे-तुकडे केलेला छापून आला होता, असं बाईंनी सांगितलं. एकेक तुकडा म्हणजे एकेक वसाहत. एकत्र या, नाहीतर मरा. तेरा ताऱ्यांचं वर्तुळ शिवताना माझी लेक जवळ येऊन बसली. ती इथेच जन्मलेली, मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीतच.

“खरं आहे का, एक बाई होती, तिने कात्रीच्या एका कापात तारा करून दाखवला?”

“तिच्या नातवाने सांगितलेली गोष्ट आहे ती,” बाई म्हणाल्या, “तीही जवळजवळ शंभर वर्षांनी. पुरावा काही नाही. पण मुलांना तीच लक्षात राहते.”

शेवटचा होता पंधरा पट्ट्यांचा. मूळ झेंडा एका किल्ल्यावर फडकवायला केलेला, प्रचंड मोठा. एका विधवा बाईने तो मुलीला आणि भाच्यांना हाताशी घेऊन शिवला. घरात राबणारी एक काळी मुलगीही शिवायला होती. घरात मावेना म्हणून दारूच्या कारखान्याच्या जमिनीवर अंथरून शिवला. किल्ल्यावर रात्रभर तोफा चालल्या, तरी तो टिकला. आणि पुढे ज्या घराण्याकडे राहिला, त्यांनीच त्याचे तुकडे कापून लोकांना आठवण म्हणून वाटले.

“असे कसे कापले?” मी म्हटलं.

“लोक मागायचे. एका सैनिकाच्या बायकोने मागितला, नवऱ्याबरोबर पुरायला.”

एवढं बोलून बाईंनी हातातलं कापड खाली ठेवलं. मला वाटलं, पाणी हवं असेल. मी उठले तशी त्या म्हणाल्या, “माझ्याकडेही एक आहे. माझ्या मुलाचा.”

मुलगा सैन्यात होता. इथेच, आखातातल्या एका तळावर त्याची नेमणूक होती. लढाईत त्याला साधं खरचटलंही नाही. धडधाकट घरी परतला आणि दुसऱ्या हिवाळ्यात त्याने स्वतःचा जीव घेतला. दफनाच्या वेळी शवपेटीवरचा झेंडा सैनिकांनी त्रिकोणी घडी करून बाईंच्या हातात दिला.

“तो फोनवर इथल्या उन्हाबद्दल सांगायचा,” त्या म्हणाल्या. “मी म्हणायचे, टोपी घाल. बाकी काय चाललं होतं, ते मला कळलं नाही. म्हणून मी इथे आले. तो राहिला ती हवा तरी बघू म्हटलं.”

माझी लेक खाली मान घालून बसली होती. आपल्याकडे अशा वेळी बायका जवळ येऊन बसतात, काही ना काही बोलतात. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. त्या रडल्या नाहीत. थोड्या वेळाने त्यांनी कापड पुन्हा उचललं आणि राहिलेले तारे टाचायला घेतले.

प्रदर्शनाला प्राचार्यांनी परवानगी दिली होती. या देशाचा झेंडा दारात मधोमध, बाकीचे आत. पहिल्याच दिवशी एका अमेरिकन पालकाची तक्रार आली. हल्ली अमेरिकेत मोर्चात हा साप मिरवतात, शाळेत राजकारण नको, असं त्यांचं म्हणणं. मुलं वर्गात गेल्यावर साप उतरवला गेला.

बाईंनी कुणाशीही वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या एक त्रिकोणी काचेची पेटी घेऊन आल्या आणि सापाच्या मोकळ्या जागेखाली टेबलावर त्यांनी ती ठेवली. घडीत लाल पट्टे दिसत नव्हते, नुसता निळा रंग आणि थोडे तारे. बाकीच्या झेंड्यांसारखी खाली माहितीची चिठ्ठी नव्हती.

“मिस, हा कुठल्या वर्षीचा?” एका मुलीने विचारलं.

“हा माझ्या मुलाचा. तो वारला. सैनिक वारला की त्याच्या घरच्यांना असा झेंडा देतात.”

“लढाईत?”

“नाही. घरी आल्यावर. तो फार दुःखी होता आणि आम्हाला ते कळलं नाही.”

मुलं पेटीजवळ सरकली. एकाने काचेला बोट लावलं आणि लगेच मागे घेतलं.

दुपारी प्राचार्यांचं बोलावणं आलं. प्रदर्शन लायब्ररीत, म्हणून मीही गेले. प्राचार्य वाईट माणूस नव्हता. तो पुन्हा पुन्हा म्हणत होता, “ही मुलं बारा वर्षांची आहेत. आईवडिलांना मी काय सांगू?”

मी म्हटलं, “सर, त्यांनी खोटं काहीच सांगितलं नाही. मुलांनी विचारलं, त्यांनी उत्तर दिलं. मी तिथेच होते.”

“तुमचं म्हणणं मी ऐकलं. पण हे सगळं आवरा, आजच.”

बाई म्हणाल्या, “ठीक आहे.” बस, इतकंच. आम्ही दोघींनी मिळून झेंडे काढले. पुढे मार्चमध्ये कळलं, की त्यांचा करार पुढे वाढवणार नाहीत. कारण दिलं विद्यार्थीसंख्येचं.

जूनमध्ये मी त्यांना विमानतळावर सोडलं. बाहेर वाफाळलेली हवा, चष्म्यावर धुकं धरत होतं. पेटी त्यांनी सामानात टाकली नव्हती, छातीशी धरली होती. “तपासणीत उघडायला लावतील का?” त्यांनी मला विचारलं. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदाच त्यांच्या आवाजात भीती होती. “नाही लावणार, इन्शाल्ला,” मी म्हणाले. काचेच्या दारापलीकडे त्या दिसेनाशा होईपर्यंत मी थांबले. पुढे काय झालं, ते दिसलं नाही.

सुरुवातीला मेसेज यायचे. घर थंड आहे, शेजारी बदललेत, दुपारी झोप लागते. मग आठवड्याने एक, मग महिन्याने. मी फोन केला की म्हणायच्या, “मी बरी आहे, तुझी मुलगी कशी आहे?” मुलीच्या परीक्षा, नवऱ्याची बदली होणार अशी आवई, यातून मी सवडीने फोन करत राहिले. त्या कधी जास्त बोलल्या नाहीत.

फेब्रुवारीत त्यांच्या बहिणीचा फोन आला. पोटात गाठ होती, उन्हाळ्यापासून ठाऊक होतं, बाईंनी उपचार घेतले नाहीत. कुणाला सांगितलंही नाही. हॉस्पिटलमध्ये शेवटचे काही दिवस काढून त्या गेल्या.

मग बहीण म्हणाली, “तिथे ती सुखात होती का? आम्हाला ती कधीच काही सांगायची नाही.”

मी म्हणाले, “आम्ही रोज एकत्र जेवायचो.”

“थँक यू,” ती म्हणाली आणि रडायला लागली. तेवढ्यात पहिलीचा वर्ग रांगेने लायब्ररीत शिरला. मी फोन कानाला तसाच धरून मुलांना हातानेच चटईवर बसायची खूण केली.