कप्तानिणीचा चेहरा

गणपती गेल्यावर लेक पुण्याला परत निघाली, तेव्हा माझ्या हाती बुटाचा एक खोका आणि स्प्रेचा एक डबा देऊन गेली. आत प्लास्टिकचे बारा बाहुले होते, बोटाच्या दोन पेरांएवढे. कुणाच्या हातात भाला, कुणाच्या पाठीला ढाल. टेबलावर पट मांडून अशा सैन्यांची लढाई खेळतात. इंजिनियरिंगला गेल्यावर हे वेड तिला लागलं होतं. मी बाहुले म्हटलं की ती चिडायची.

"मिनी म्हणतत त्यांका. हॉस्टेलात स्प्रे मारूक देनत नाय. तू फक्त प्रायमर मारून ठेव, रंग मी येऊन देतलंय. पण हवा कोरडी असतली तेव्हाच मार हां, आई. ओल्या हवेत मारू नको."

प्रायमर म्हणजे रंगाआधीचा हात. नुसत्या प्लास्टिकवर रंग धरत नाही, नखाने खरवडला तरी निघून येतो. पुढच्या महिन्यात पणजीला स्पर्धा होती. ज्यांना रंग दिलेला नाही अशा मिनी तिथे पटावर मांडू देत नाहीत. शुक्रवारी सकाळी ती येणार, दोन दिवसांत बारा रंगवणार आणि रविवारी पहाटे पणजीला जाणार, असा बेत होता.

आमच्या मसुऱ्यात तेव्हा पावसाची पिरपिर संपत नव्हती. आज मारू, उद्या मारू करता करता शेवटचा आठवडा उजाडला. बुधवारी दुपारी तासभर ऊन पडलं. अंगणातून वाफा निघत होत्या, दोरीवरचे कपडे दमटच होते. मला ते कळत होतं. तरी मी बाहुले फळीवर चिकटवले आणि स्प्रे मारला. वर्षानुवर्षं रांगोळी घालणारा हात माझा, याला असं काय लागतं, असं वाटलं.

दहा मिनिटांनी बघितलं तर बाराही जण रव्यात घोळवल्यासारखे दिसत होते. नाक, डोळे, बोटं, सगळं त्या खरखरीत पांढऱ्या थराखाली बुजलेलं.

लेकीच्या कपाटात नेलपॉलिश काढायची बाटली होती. रंगच तर काढायचाय, म्हणून मी कापसाचा बोळा भिजवला आणि सगळ्यांत जास्त बिघडलेली मूर्ती आधी उचलली. ती त्यांची कप्तानीण होती. रवा निघाला आणि त्याच्याबरोबर नाकही निघालं. प्लास्टिक चिकट झालं, त्याला कापसाचे धागे लागले. मी ते ओढायला गेले तर गाल ओघळला. तिच्या पाठीवरची वेणी मात्र तशीच राहिली. ती वेणी लेकीने पुट्टीची, म्हणजे मळून वाळली की दगड होणाऱ्या लगद्याची, केली होती, आठवडाभर बसून, पीळ न् पीळ.

नवरा बागेतून आला. त्याने ती मूर्ती उलटीसुलटी करून बघितली.

"मांजरान पाडल्यान, चावल्यान म्हणून सांग. तिका काय कळतला?"

"मांजर नेलपॉलिशचा औषध लावता काय?" मी म्हटलं. पण त्याचं बोलणं डोक्यातून गेलं नाही.

गुरुवारी तिचा फोन आला. "आई, मारलंस प्रायमर?"

"हो गो, मारलंय."

"बरो इलो मा?"

"बरो इलो," मी म्हटलं, आणि फोन ठेवल्यावर कितीतरी वेळ पाटावरून उठलेच नाही.

शुक्रवारी नवरा तिला कणकवलीहून घेऊन आला. पाठीवरची सॅकही न काढता तिने विचारलं, "खंय आसत?"

"आधी चाय घे."

"आई, खंय आसत?"

मी खोका पुढे केला. ती ओसरीवर बसली आणि एकेक उचलून बघू लागली. कप्तानीण हातात आली तेव्हा तिचा हात थांबला.

"ह्या कधी झाला?"

"बुधवारी."

"मगे काल फोनवर..."

"खोटा बोललंय."

दारातून नवरा म्हणाला, "अगो, ता मांजर..."

"मांजरान काय करूक नाय," मी म्हटलं. "मी केलंय."

ती उठून परसात गेली. चहा निवला. तासाभराने आली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "एक जुनो टूथब्रश दी. कोमट पाणी, साबण."

दमट हवेत मारल्यामुळे प्रायमर नीट धरलाच नव्हता. साबणाच्या पाण्यात घासल्यावर बराचसा निघाला. मग तिने कुंचल्याने लावायच्या प्रायमरची बाटली काढली. "दोन पातळ हात. एक जाड नाय." बस, एवढंच बोलली. मी पाच बाहुल्यांना लावलं, तिने सहांना. पंख्याखाली ठेवले तरी वाळायला वेळ लागत होता आणि ती सारखी घड्याळ बघत होती.

अंगावरचे मुख्य रंग झाल्यावर तिने चॉकलेटी रंगात भरपूर पाणी घातलं आणि ते बाहुल्यावर सोडलं. पाणी आपसूक कपड्यांच्या चुण्यांत, बोटांच्या मधे जाऊन बसलं आणि तिथे सावली पडली. ते वाळलं की कुंचला फडक्यावर जवळजवळ कोरडा पुसायचा आणि फिकट रंग फक्त उंचवट्यांवरून फिरवायचा. माझ्या हातून एकाच्या पायाशी पाणी जास्त झालं, तळं साचलं. तिने कोरड्या कुंचल्याने ते टिपून घेतलं. तिने ओरडावं असं मला वाटत होतं. ती ओरडली नाही.

शनिवारी दुपारपर्यंत अकरा बाहुले रंगवून झाले. उरली कप्तानीण. लेकीने पात्याने चेहरा कोरून बघितला तर हनुवटीचा तुकडाच उडाला. तिने पातं खाली ठेवलं आणि तेव्हा पहिल्यांदा रडली.

मला तिच्या पाठीवर हात ठेवायचा धीर झाला नाही. मी म्हटलं, "होडीवर मासळी घेऊक येणाऱ्या बायका उन्हात तोंडाक फडको गुंडाळतत, डोळेच तेवढे दिसतत. तसो केलो तर?"

तिने डोळे पुसले. मग पुट्टीचा वाटाण्याएवढा गोळा माझ्यापुढे सरकवला. "तू कर. नेवरेची कड तुका बरी येता." नेवरी म्हणजे करंजी.

पाण्याचं बोट लावत मी तो पापडासारखा पातळ केला आणि चेहऱ्याभोवती गुंडाळला. कानाजवळ दोन चुण्या घातल्या, टोक वेणीखाली खोचलं. तिने मूर्ती उजेडात धरली.

"बरी नाय," ती म्हणाली. "पण चलात."

रात्री पुट्टी घट्ट झाल्यावर आम्ही तिला प्रायमर, मग रंग दिला. फडक्याच्या चुण्यांत सावली मात्र लेकीने स्वतः भरली.

रविवारी संध्याकाळी पणजीहून फोन आला. एक लढाई जिंकली, दोन हरली. कुठे काय चुकलं ते ती दहा मिनिटं सांगत राहिली. मला त्यातलं निम्मं कळलं नाही, तरी मी हुंकार देत होते. मग ती थांबली.

"आई, प्रायमरचो राग नाय माका. फोनवर खोटा बोललंस, तेचो इलो."

"ठाऊक आसा."

"हंय दुसरे सहा घेतलंय. दिवाळीक आणतलंय. दोघी बसून करूया."

मी बरं म्हटलं. जेवलीस काय एवढंच विचारलं आणि फोन नवऱ्याकडे दिला.