बांगड्या दाखवणारी लेन्स

माझ्या वडिलांच्या, म्हणजे अप्पांच्या, उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तेव्हा थोड्या दिवसांनी डाव्याचंही करायचं ठरलं होतं. ठरवलं आम्ही, अप्पांनी नुसती मान हलवली. परंड्यात उभा जन्म फोटो स्टुडिओ चालवलेला माणूस. मोतीबिंदूनं दिव्यांभोवती उजेडाच्या बांगड्या दिसायला लागल्या तसं त्यांनी शटर ओढलं, कॅमेरा कपाटात टाकला आणि घरात बसून सगळ्यांवर खेकसायचा नवा धंदा काढला.

डोळा बरा झाल्यावर त्यांना बाहेर काढायचं म्हणून मी एक आरशाची टेलिफोटो लेन्स मागवली. लांबचं टिपणाऱ्या बाकीच्या लेन्स आमच्या ऐपतीबाहेरच्या. ही स्वस्तातली, लोणच्याच्या बरणीएवढी, आत आरसे बसवलेली. फोकस मात्र हातानं करायचा.

"फोकस हातानंच करत्यात," अप्पा म्हणाले. म्हणजे स्वारी खूश होती.

सकाळी किल्ल्याच्या खंदकापाशी गेलो. पाण्यावर ऊन चमकत होतं आणि अलीकडच्या एका वाळक्या फांदीवर खंड्या पक्षी बसला होता. अप्पांनी कॅमेरा स्टँडवर लावला, उजवा डोळा टेकवला, रिंग फिरवली आणि एकदम मागं सरकले.

"बांगड्या! समद्या पाण्यावर बांगड्याच. ऑपरेशन वाया गेलं बघ. आता दुसऱ्या डोळ्याला कुणाला हात लावू देणार न्हाय म्या."

अप्पा एकदा न्हाय म्हणाले की ब्रह्मदेवाचंही ऐकायचे नाहीत. मीच कॅमेऱ्याला डोळा लावला. खंड्या स्वच्छ दिसला, आणि त्याच्यामागं उजेडाच्या बांगड्या, कासाराचं दुकान मांडल्यासारख्या.

"अप्पा, मलापण दिसतात!" मी एवढ्या मोठ्यानं ओरडले की खंड्या उडाला.

"तुला कशा दिसतील? तुझं डोळं चांगलं हायेत की."

"तेच तर म्हणतेय!"

अप्पा पुढं जाऊन लेन्सच्या तोंडात वाकून बघायला लागले. काचेच्या मधोमध एक काळी चकती होती.

"हे बघ, मधला उजेड अडलाय. कडंकडंनंच आत येतोय. मग फोकसात नसलेल्या चकाकीची बांगडीच हुणार की!" आणि त्यांनी लेन्स बनवणाऱ्याला एक ठेवणीतली शिवी हासडली. शिवी ऐकून इतका आनंद मला आयुष्यात कधी झाला नव्हता.

थोड्या वेळानं खंड्या परत त्याच फांदीवर येऊन बसला. अप्पांनी रिंग केसभर फिरवली आणि फोटो काढला. मग काय मनात आलं कोण जाणे, त्यांनी डावा डोळा कॅमेऱ्याला लावला. बराच वेळ तसेच वाकून राहिले.

"उडाला का गं?"

"नाही अप्पा. तिथंच बसलाय."

ते हळूच सरळ झाले.

"मग ह्याचीबी तारीख घे," म्हणाले.