बाजेवर बसण्याची चिठ्ठी

आमच्या घरून दर बाजारी दवाखान्यात बाटली जायची, माणूस जायचं नाही. बाटली आत्याबाईंची, म्हणजे माझ्या सासूबाईंची. कंपाउंडर तिच्यावर खाचा पाडलेली कागदाची पट्टी चिकटवून द्यायचा. एक खाच सकाळी, एक संध्याकाळी. मामंजी, म्हणजे सासरे, वांग्यांच्या टोपल्यांबरोबर रिकामी बाटली बैलबंडीत ठेवत आणि परत येताना ती लाल औषधाने भरून आणत. मी लग्न होऊन आले तेव्हा हे चालू होतं, माझं दुसरं बाळंतपण आलं तेव्हाही चालूच होतं. तेवढ्या वर्षांत डॉक्टरने आत्याबाईंचा गुडघा एकदाही पाहिला नव्हता.

हे मी कोणाला दाखवायला लिहीत नाही. चौथीपर्यंत शिकले, लिहिता येतं, पण चार माणसांपुढे माझं तोंड उघडत नाही. राग मात्र येतो. तो कुठेतरी उतरवायचा म्हणून लिहिते.

आमचं माळव्याचं, म्हणजे भाजीपाल्याचं शेत. वांगी तोडायची ती वाकून, मेथी खुडायची ती उकिडवं बसून, जुड्या बांधायच्या त्या जमिनीवर, स्वयंपाक जमिनीवर, दळण जमिनीवर. आत्याबाईंनी हे लहानपणापासून केलं होतं. त्यांचा उजवा गुडघा सुजून आत वळला होता आणि डावा त्याच्या मागे निघाला होता. उठताना त्या आधी दोन्ही हात जमिनीवर टेकायच्या, मग चौकट धरायच्या, मग थोडा वेळ तशाच वाकून उभ्या राहायच्या. हाडं वाजायची. मामंजी म्हणायचे, बंडीच्या चाकावानी कुरकुरते, वंगण घाला. सगळे हसायचे, आत्याबाईही हसायच्या.

खरं दुखणं निराळंच होतं. परसाकडे गेल्यावर त्यांना बसून उठता येत नव्हतं. मला बरोबर जावं लागे, काखेत हात घालून उठवावं लागे. ज्या बाईने घर चालवलं तिला सुनेच्या हाताने तिथून उठायचं. त्यांनी त्यावर उपाय काढला. त्या पाणी पिईनात. मी सकाळी भरून ठेवलेला गडवा संध्याकाळी तसाच भरलेला असायचा. उन्हाळ्यात, शेतातून आल्यावरसुद्धा. विचारलं तर म्हणत, तहानच लागत नाई मले.

उपाय झाले नाहीत असं नाही. मामंजींचे मोठे भाऊ घरात कर्ते. त्यांना मी थोरले मामंजी म्हणायची. त्यांनी एका माणसाला बोलावून आत्याबाईंच्या दोन्ही गुडघ्यांवर बिब्ब्याचे चटके दिले. महिनाभर जखमा वाहिल्या. दुखणं होतं तिथेच राहिलं, वर काळे डाग आले.

मग माझं दुसरं बाळंतपण झालं आणि नर्सबाई घरी आली. तिसऱ्या दिवशी ती बाळाला पाहायला आली तेव्हा आत्याबाई चुलीपुढून हात टेकत उठत होत्या. नर्सबाईने बाळ माझ्याजवळ दिलं, आत्याबाईंना भिंतीला टेकून बसवलं, लुगडं गुडघ्यापर्यंत वर केलं आणि हात ठेवला. पाय वाकवून पाहिला, सरळ करून पाहिला. मग विचारू लागली. दिवसातून कितीदा खाली बसता? पाणी कुठून आणता? परसाकडे कशा जाता? शेवटच्या प्रश्नाला आत्याबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. नर्सबाई समजली.

ती म्हणाली, झिजलं ते भरून येणार नाही, खोटं सांगत नाही, पण चालणं राखता येईल. खाली बसणं बंद करायचं. बाजेवर पाय सोडून बसायचं, जुड्या तिथेच बांधायच्या. तिथेच बसून एकेक पाय सरळ करून उचलायचा, दहा आकडे होईपर्यंत धरायचा, सकाळ-संध्याकाळ. गरम पाण्याच्या फडक्याने शेकायचं. काठी डाव्या हातात धरायची, कारण उजवा जास्त दुखतो. पडून राहायचं नाही, रोज थोडं चालायचं. आणि परसात एक मजबूत खुंटा गाडायचा, धरून उठायला.

एवढं सांगायला तिला बाळाचं दूध पिऊन होईपर्यंतचाच वेळ लागला. मी आतल्या आत पेटले. म्हणजे हे असं होतं तर. यात न मिळणारं काय होतं? बाज घरात होती, काठी घरात होती, खुंटा कुंपणात होता. नव्हता तो फक्त गुडघ्यावर ठेवायचा हात.

अडलं ते बाजेपाशी. बाज ओसरीत, आणि ओसरीत थोरले मामंजी. थोरल्या दिरासमोर बाईने बाजेवर बसायचं नाही, ही आमच्याकडची रीत. आत्याबाईंचे केस पांढरे झाले होते, नातवंडं झाली होती, तरी दीर ओसरीत आले की त्या जमिनीवर. मामंजींनी भावाच्या कानावर नर्सबाईचं बोलणं घातलं. थोरले मामंजी चिडले नाहीत. शांतपणे म्हणाले, "बाळंतपणाच्या बाईले गुडघ्याचं काय समजते? डॉक्टरानं लिहून देल्लं तर पाहू."

सव्वा महिना झाल्यावर मी बाळ घेऊन बंडीत बसले आणि आत्याबाईंना ओढून बसवलं. टोपल्यांना जागा उरत नाही म्हणून मामंजी कुरकुरले. वाटभर मी मनात घोकत होते, डॉक्टरसाहेब, गुडघा पाहा, उंच बसायचं लिहून द्या. दोनच वाक्यं. शाळेत कविता पाठ करायची तशी केली.

दवाखान्यात बायांनी बाहेरच्या पायरीवर बसायचं. आत्याबाई बसल्या, म्हणजे पुन्हा जमिनीवरच. मी बाळाला घेऊन दारात उभी राहिले. मामंजी आत हात जोडून म्हणाले, गुडघे हायत साहेब. डॉक्टर मान वर न करता लिहीत होता.

"वय झालं त्यांचं. आता काय नवे गुडघे बसवून देऊ?"

कंपाउंडर हसला. मामंजीही हसले, साहेब हसवतो तेव्हा हसावं लागतं तसे. माझी दोन वाक्यं जिभेवर होती. ती तिथेच राहिली. चिठ्ठी मामंजींच्या हातात आली, बाटली भरून आली, पुढचा माणूस आत गेला.

पायरीवर आत्याबाईंनी लुगडं नीट करून ठेवलं होतं, गुडघा पटकन दाखवता यावा म्हणून. त्यांनी विचारलं, "बलावते का मले?"

मी म्हटलं, नाही.

"मंग मले आणलं काऊन?"

मी काखेत हात घालून त्यांना उठवलं. डॉक्टरचा राग आला त्याहून जास्त माझा मला आला.

घरी पोचलो तेव्हा थोरले मामंजी बाजेवर बसले होते. माझे मालक हंगामाला हिंगणघाटच्या कापसाच्या जिनात कामाला होते. घरात वाचता येणारी मी एकटी. थोरले मामंजी म्हणाले, "काय लिवलं, वाच."

मी चिठ्ठी उघडली. वर एक इंग्रजी ओळ होती, ती मला वाचता येत नव्हती. खाली मराठीत होतं, दोन वेळा. एवढंच. मी डोक्यावरचा पदर पुढे घेतला आणि वाचायला लागले. बाईंनी जमिनीवर बसू नये. बाजेवर पाय सोडून बसावे. एकेक पाय दहा आकडे उचलून धरावा. फडक्याने शेकावे. डाव्या हातात काठी घ्यावी. परसात खुंटा गाडावा. न केल्यास पाय कायमचा जाईल. हे शेवटचं नर्सबाईनेही सांगितलं नव्हतं. दवाखान्यात न फुटलेला आवाज तेव्हा कुठून आला, मला माहीत नाही.

"डॉक्टरानं लिवलं हे?"

"हो."

त्यांनी तंबाखूची पिशवी उचलली, बाजेवरून उठले आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसले. तिथून म्हणाले, "मंग बसू द्या तिले."

मी समजत होते की रीत दगडाची आहे. ती एका चिठ्ठीने हलली. मग ही चिठ्ठी आजवर कोणी का लिहिली नाही?

आत्याबाई पहिले काही दिवस दिराकडे पाठ करून बाजेवर बसायच्या, चोरी केल्यासारख्या. पुढे सवय झाली. पाय उचलताना मी आकडे मोजायची, आठावर थांबल्या की दहा म्हणून ओरडायची. खुंटा मीच गाडला. काळे डाग गेले नाहीत, वळलेला गुडघा सरळ झाला नाही, पावसाळी हवेत दुखायचाच. पण दोन महिन्यांनी एका सकाळी त्या गडवा घेऊन एकट्या परसात गेल्या. मी मागच्या दारात उभी राहिले. बराच वेळ लागला. आल्या त्या काठी टेकत, पण आपल्या पायांनी. माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "उभी काय राह्यली? पोरगं रडून राह्यलं तुयं."

एकदा शेकताना त्यांनी हळूच विचारलं, "एवढ्याशा कागदात एवढं मावलं कसं वं?"

"अक्षर बारीक होतं."

"हो, बारीकच असन," त्या म्हणाल्या आणि दुसरा पाय पुढे केला.

गावात बोलबाला झाला तो डॉक्टरचा. म्हातारीला चालती केली म्हणून लोक सांगू लागले. आजूबाजूच्या घरांतूनही गुडघ्यांच्या बाटल्या त्याच्याकडे निघाल्या, बाया घरीच राहिल्या. नर्सबाईचं नावही कोणी काढलं नाही. माझ्या खोट्या वाचण्यामुळेच हे झालं, आणि खरं सांगितलं तर आत्याबाई पुन्हा जमिनीवर येतील, म्हणून मी गप्प.

मग थोरल्या मामंजींनी फर्मावलं, डॉक्टरला एक टोपली वांगी पाठवा. निवडायचं काम माझ्याकडे आलं. आत्याबाई बाजेवरून म्हणाल्या, "किडकी खाली दडव." मी दडवली नाहीत. एकेक पुसून, सारख्या आकाराची भरली. भ्याले की काय झालं होतं मला, ते आजही कळत नाही.

संध्याकाळी मामंजी परत आले. डॉक्टर काय म्हणाला, असं थोरल्या मामंजींनी विचारलं.

"कोणती म्हातारी म्हणे," मामंजी म्हणाले. "मंग टोपली ठेवून घेतली."