नानांना न दिलेला अर्धा तास

वामननाना गेल्याचं मला धुळ्याच्या ऑफिसात त्यांच्या मुलीच्या फोनवरून कळलं. "मी जळगावहून सुनंदा बोलतेय, नानांची मुलगी. नाना परवा सकाळी गेले..." मग ती म्हणाली, "त्यांच्या वहीत तुमचा नंबर होता, म्हणून कळवलं." माझा नंबर त्यांनी इतकी वर्षं वहीत जपून ठेवला होता, याचं आधी आश्चर्य वाटलं आणि मग लाज. फोन ठेवल्यावर शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने विचारलं, "जवळचे होते का?" मी म्हणालो, "माझ्या हाताखाली होते." इतक्या वर्षांनंतरही माझ्या तोंडी तेच शब्द आले. या गोष्टीला आता दीड महिना झाला. त्यांच्याबद्दल जे लिहायचं आहे त्यात माझं वागणं वगळता येत नाही, म्हणून इतके दिवस टाळत होतो.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर शेतीचे पंप बनवणाऱ्या जळगावच्या एका कारखान्यात मी ऑफिसचा मॅनेजर म्हणून गेलो. माझं वय तेव्हा चौतीस. नाना तिथले ड्राफ्ट्समन, माझ्यापेक्षा अठरा वर्षांनी मोठे. मूळचे फैजपूरकडचे, केळी लावणाऱ्या घरातले; राहायला जळगावालगत, पिंप्राळ्यात. पंपाचा एकेक भाग त्यांच्या हातून कागदावर उतरलेला. ओतकामाच्या शेडमधले जुने कारागीर नकाशावरचं अक्षर ओळखायचे आणि म्हणायचे, "नानांचं आहे ना? मग माप पुन्हा विचारायचं काम नाही." माझ्या पहिल्या वर्षात नाना सगळ्यांच्या आधी येत. ऑफिसची किल्ली त्यांच्याकडेच असायची.

मला मात्र शिस्तीचं वेड होतं. वेळ नऊची. नऊ वाजून पाच मिनिटांनी हजेरीपट माझ्या केबिनमध्ये यायचा आणि रिकाम्या चौकोनात मी लाल शाईने फुली मारायचो. तीन फुल्यांना अर्धी रजा. उशिरा आलेल्याने केबिनबाहेर दहा मिनिटं उभं राहायचं, हा नियमही माझाच. चहाला उठायचं तर मला सांगून. मालक एकदा म्हणाले, "तुम्ही आल्यापासून ऑफिस ऑफिससारखं दिसायला लागलं." ते वाक्य मी कितीतरी दिवस मनात घोळवत होतो.

दुसऱ्या वर्षी नानांना उशीर व्हायला लागला. आधी आठवड्यातून एकदा, मग रोज. साडेनऊच्या पुढे-मागे यायचे. किल्ली मी काढून घेतली. एक दिवस ते स्वतःच केबिनमध्ये आले.

"साहेब, मला साडेनऊची वेळ द्या. संध्याकाळी अर्धा तास जास्त थांबेन. काम मागे राहणार नाही."

"कारण काय?"

"घरचं आहे."

"घरचं सगळ्यांनाच असतं, नाना. कारण लिहून अर्ज द्या, मी बघतो."

"लिहून नको साहेब. तोंडी सांगू का?"

"तोंडी काही चालत नाही."

टेबलाच्या कडेवर टेकवलेलं बोट उचलून ते गेले. अर्ज त्यांनी दिला नाही. आमच्या ऑफिसात अर्ज म्हणजे टायपिस्ट, शिपाई, फाइल... चार लोकांच्या हातून फिरणारा कागद. घरात लग्नाची मुलगी असलेल्या माणसाला अशा कागदावर काय काय लिहिता येत नाही, हे मला तेव्हा कळलं नाही. म्हणजे कळून घेतलं नाही.

मग ते रोज केबिनबाहेर दहा मिनिटं उभे राहायला लागले. पांढरा सदरा, नाकावर चष्मा, पन्नाशी ओलांडलेला माणूस. दोघं तरुण कारकून फाइलमध्ये डोकं घालून बसायचे, नानांकडे बघवत नसे म्हणून. नाना तेवढ्या वेळातही घडी केलेला नकाशा भिंतीला लावून पेन्सिलीने मापं तपासायचे. मला तो उद्धटपणा वाटला. मी शिपायाकरवी निरोप पाठवला की उभं असताना हातात कागद नको. त्यांनी नकाशा घडी करून खिशात ठेवला आणि हात मागे बांधून उभे राहिले.

तरी माझं समाधान होईना. हा माणूस सकाळी करतो काय, ते बघायचंच, असं मी ठरवलं. एका सकाळी आठला मी स्कूटर घेऊन पिंप्राळ्यात गेलो आणि त्यांच्या घरासमोरच्या किराणा दुकानाच्या आडोशाला उभा राहिलो. नाना ओट्यावर होते. पुढ्यात त्यांच्या पत्नी बसल्या होत्या आणि नाना त्यांची वेणी घालत होते. बाई मध्येच उठून रस्त्याकडे निघायच्या. नाना हाताला धरून परत बसवायचे, काहीतरी हळू बोलायचे आणि सुटलेली वेणी पहिल्यापासून घालायचे. मग त्यांनी एकेक घास भरवला. एक घास थुंकला गेला, तो पुसला. घरातून मुलगी पाण्याचा तांब्या घेऊन आली, तर बाई तिच्यावर ओरडल्या. ती बिचारी दारातूनच परत फिरली. हे सगळं तासभर चाललं. सव्वानऊला शेजारच्या अक्का स्वतःच्या घरचं आवरून आल्या आणि बाईंजवळ बसत म्हणाल्या, "जा भाऊ आते, मी शे ना आठे." मग नाना सायकलकडे धावले.

मला काहीच माहीत नव्हतं, असं आज म्हणता आलं असतं तर किती बरं झालं असतं. मी सगळं डोळ्यांनी पाहिलं होतं. स्कूटरवर असल्यामुळे मी त्यांच्या आधी पोहोचलो, हजेरीपट उघडला आणि त्यांच्या चौकोनात फुली मारली. एकाला सवलत दिली तर उद्या दहा जण मागतील, असं मी मनाशी म्हटलं. खरं तर कुणीच मागितली नसती. अर्ज द्या म्हटलेलं त्यांनी ऐकलं नव्हतं आणि मला माझा शब्द खाली पडू द्यायचा नव्हता, एवढंच होतं ते. त्या दिवशीही नाना दहा मिनिटं उभे राहिले. आणि त्याच महिन्याच्या शेवटी त्यांनी राजीनामा दिला. त्यावर कारण होतं: घरगुती.

पुढे गंमत अशी झाली की जुन्या पंपांच्या नकाशांत बदल करणं दुसऱ्या कुणाला जमेना. नवीन ड्राफ्ट्समन पदविका घेतलेला होता, पण कारागीर त्याच्याशी रोज भांडायचे. शेवटी मालकांनी मलाच नानांकडे पाठवलं. कागदांची गुंडाळी काखेत धरून मी त्यांच्या ओट्यावर गेलो आणि ती त्यांच्यापुढे ठेवली. नानांनी गुंडाळी उघडून पाहिली आणि म्हणाले, "केव्हा पाहिजे तेवढं सांगा. कोणत्या वेळी बसायचं, ते माझं मी बघतो." पुढची पाच वर्षं ते आमचं काम घरून करत होते. ठरल्या दिवसाच्या आदल्या दिवशी नकाशा तयार असायचा. एकदाही चुकलं नाही. मी जायचो, ओट्यावर चहा व्हायचा, मी परत यायचो. आत कधी गेलो नाही.

मला धुळ्याला दुसरी नोकरी लागली, तेव्हा निरोप घ्यायला गेलो. त्या दिवशी मी म्हणालो, "नाना, माझ्याकडून तुमच्यावर अन्याय झाला." त्यांनी हातातला कप ओट्यावर ठेवला. मग म्हणाले, "त्या दिवशी तुम्ही समोरच्या दुकानाशी उभे होते. मी पाह्यलं होतं तुम्हाला."

मी वळून दुकानाकडे पाहिलं.

"मला बरं वाटलं होतं, साहेब. म्हटलं, आता लिहून द्यायचं काम नाही. यांनी डोळ्यांनी पाह्यलं. सायकलवर येताना मन निवांत होतं त्या दिवशी... मग हजेरीपट पाह्यला." त्यांच्या आवाजात राग नव्हता. "जाऊ द्या. नंबर देऊन ठेवा तिकडचा," एवढं बोलून ते आत गेले.

धुळ्यात आता माझ्याकडे बारा माणसं आहेत. त्यांतल्या दोघींना मी वेळ बदलून दिली आहे, कारण न विचारता. त्याने नानांचं काही भरून निघत नाही, हे मला कळतं.

मागच्या आठवड्यात जळगावला जाऊन आलो. सुनंदाने पहिल्यांदाच मला आतल्या खोलीत नेलं. तिथे नानांचं नकाशाचं टेबल होतं, बसणाऱ्याची पाठ खिडकीकडे येईल असं मांडलेलं. नकाशा काढणारा माणूस असा कधी बसत नाही, स्वतःचीच सावली कागदावर पडते. सुनंदा म्हणाली, "खिडकीकडे तोंड केलं की आईची खाट पाठीमागे जायची. म्हणून असं. दिवसासुद्धा दिवा लावून काढायचे." मी जाण्याच्या दोनच दिवस आधी तिने टेबल भिंतीशी सरकवून पाहिलं, तर आईने जेवणच टाकलं. ते पुन्हा होतं तिथे आणावं लागलं.

भर दुपार होती. रिकाम्या टेबलावर दिवा जळत होता आणि समोर खाटेवर सुनंदाची आई त्याच्याकडे तोंड करून शांत बसल्या होत्या.