उंबऱ्यावरचा हिरामण

पेठकडच्या डोंगरात भाताच्या आवणीला एक रीत आहे. ज्याला चिखलात वाकवत नाही, तो बांधावर बसून रोपांच्या जुड्या पुढे देतो. त्याचा वाटा पुरा. बांधावरचा माणूस कमी राबला, असं तिथं कुणी म्हणत नाही.

हिरामण तिथला. पिंपळगाव बसवंतच्या एका द्राक्षांच्या शीतगृहात तो आमच्या हमालांच्या टोळीत होता. पेट्यांची थप्पी अंगावर कोसळून त्याचा गुडघा गेला. शेठने मलमपट्टी केली आणि हात झटकले. टोळीने त्याला सोडलं नाही. गार खोलीपासून गाडीपर्यंत आम्ही साखळी धरायचो आणि हिरामणला उंबऱ्यावर उभा करायचो. पेटी छातीशी घ्यायची, कमरेतून वळायचं, पुढच्याच्या हातात द्यायची. पाय हलवायचा नाही. हे हलकं काम नव्हे. आतला गारठा पाठीला, बाहेरचं ऊन तोंडाला, आणि टोळीची प्रत्येक पेटी त्याच्या हातातून. एकही पडली नाही. त्या उंबऱ्यावर त्याचं पोट होतं.

२००६ च्या हंगामात परदेशी गिऱ्हाइकाला हवी म्हणून प्रत्येक दारात माणसांच्या येण्याजाण्याची नोंद सुरू झाली. चौकटीच्या बाहेरच्या कडेला छातीच्या उंचीवर समोरासमोर काळ्या डब्या, दोन जोड्या. मधून न दिसणारे दोन किरण. आधी कुठला तुटला त्यावरून माणूस आत गेला की बाहेर, ते कळायचं. सगळ्या दारांचा आकडा ऑफिसातल्या पडद्यावर.

पहिल्याच संध्याकाळी मॅनेजर तणतणत आला. "गार खोलीत उणे चारशे माणसं दाखवतंय. काय चेष्टा लावलीय रे?"

"भुतं असतील साहेब," सोमा म्हणाला. "हजेरी लावा त्यांची."

डब्या बसवणाऱ्या स्नेहलताई नाशिकहून आल्या. उंबऱ्याकडे बघताच त्यांना कळलं. "अहो, पेट्या मोजल्या जातायत. या काकांच्या हातातली प्रत्येक पेटी म्हणजे बाहेर पडलेला एक माणूस. हे दार नोंदीतून वगळू या."

"तेच दार तर गिऱ्हाइकाला बघायचंय," मॅनेजर म्हणाला. "साखळी बंद. ज्याने त्याने आत जायचं, आपली पेटी घेऊन बाहेर यायचं."

"साहेब, माझा पाय नाय चालत," हिरामण म्हणाला.

"मग तुझ्या पायासाठी दार बदलू?"

स्नेहलताई खाली बघून वायरी गुंडाळत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी हिरामणने पहिली पेटी गाडीपर्यंत नेली. दुसरीला उंबऱ्यातच गुडघा मुडपला. खाली बसला, पण पेटी दोन्ही हातांनी वर धरलेली. किरण तुटलेला राहिला आणि ऑफिसात भोंगा वाजू लागला.

"आधी दारातून बाजूला घ्या त्याला," मॅनेजर ओरडला. मग म्हणाला, "उद्यापासून येऊ नको."

सोमाने पेटी खाली ठेवली. "चला रे. सगळेच जाऊ."

"गप, सोम्या," हिरामण म्हणाला. "हंगाम अर्धा पडलाय. घरी जाऊन काय माझा गुडघा शिजवून खाशील?"

तो भिंत धरत गेला. आम्ही राहिलो. एकेक पेटी, जाताना भरला हात, येताना रिकामा. निम्मी मेहनत नुसती चालण्यात गेली, आणि माल कमी निघाला.

संध्याकाळी पडद्यावर शून्य आलं. जेवढे आत, तेवढे बाहेर. हिरामण दोनदा आत गेला होता, दोनदा बाहेर पडला होता. त्याचाही आकडा बरोबर लागला.

मॅनेजरने खुशीने टोळीला चहा पाठवला. निवेपर्यंत कुणी हात लावला नाही. मग प्यालो. राबलेल्या अंगाला चहा लागतो.