नानांच्या मांडीतली सळई

पहिल्याच भेटीत नानांनी मला उंबऱ्याबाहेर थांबवून किल्ल्या, घड्याळ, कमरेचा पट्टा सगळं काढायला लावलं. मी चाटच पडलो. विज्ञानाच्या शिक्षकाची अशी झडती कुणी घेतली नव्हती.

सुरतेतल्या कोसाडच्या घरात, मागच्या खोलीत त्यांनी आरसा चिकटवलेलं चुंबक दोऱ्याला टांगलं होतं. आरशावरून परतलेला उजेडाचा ठिपका दाराकडच्या भिंतीवर पडे, त्यामुळे तो पाहायला आतच जावं लागे. नाना निवृत्त होईपर्यंत भूचुंबकीय वेधशाळेत होते आणि लोखंड बाहेर ठेवण्याची शिस्त त्यांनी घरीही आणली होती. "ध्रुवाकडं आभाळात हिरवा उजेड नाचतो ना, तेव्हा पृथ्वीचं चुंबकत्वबी थरथरतं. पार आपल्या सुरतेपर्यंत!" ते म्हणायचे. इतकी वर्षं शिकवूनही मला हे ठाऊक नव्हतं.

वेधशाळेत ही थरथर फोटोच्या कागदावर उमटे आणि कागद दुसऱ्या दिवशी धुतला जाई. "जन्मभर कालची थरथर पाहिली सर. एकदा आत्ताची पाहायची शे."

पण तशी मोठी थरथर यायच्या आतच न्हाणीत नानांचा पाय घसरला. मांडीच्या हाडात सळई बसली. दवाखान्यातून आले ते खोलीच्या दारात थबकले. "आते मीच लोखंड," म्हणाले आणि हसले. किती विनवलं, पण ते आत आले नाहीत. नुसतं तपासून बघायलाही त्यांनी त्या खोलीत लोखंड नेलं नसतं. रोजची नोंद मग मी करू लागलो आणि नाना बाहेरून विचारू लागले.

दोन वर्षांनी एका दुपारी कॅनडातल्या नातीचा व्हिडिओ कॉल आला. तिकडं रात्र होती, आभाळ हिरवंगार पेटलं होतं. फोन घेऊन नाना अंगणात खुर्चीवर बसले, मी आत धावलो.

"हलतोय का?"

"हलतोय नाना! मागंपुढं, थांबतच नाही!"

बाहेर नाना लहान मुलासारखे रडत होते. "अजून हलतोय का? मोठ्यानं सांगा सर!"

गेल्या महिन्यात नाना गेले. अस्थी वेचताना राखेत सळई सापडली. नानांचा मुलगा म्हणाला, "सर, ही तुम्हीच ठेवा."

का कुणास ठाऊक, मी ती खोलीत नेली. चुंबकाजवळ धरली. ठिपका जागचा हलला नाही. आणखी जवळ नेली. काही नाही.

सळई बसवणाऱ्या डॉक्टरांना विचारलं. ते सहज म्हणाले, "या सळयांना चुंबक ओढत नाही. विचारायचं होतं की तेव्हाच."

दोन वर्षं नाना बाहेरून विचारत राहिले, "हलतोय का?" आणि मी, विज्ञानाचा शिक्षक, आतून उत्तरं देत राहिलो.