थंडीतला आग्रह

ताप मोजायचं घरचं थर्मामीटर मी शेततळ्यात बुडवलं तेव्हा पौष लागला होता. मिनिटभर धरलं, पण त्यानं आकडाच दाखवला नाही. बिघडलं म्हणून झटकलं आणि खिशात घातलं. माणसाच्या तापासाठी केलेली वस्तू इतकं थंड पाणी मोजतच नाही, हे मला फार नंतर समजलं.

मोजायची वेळ आली, कारण मासे जेवत नव्हते. सकाळी त्या पाण्यात बोटं बधिर व्हायची, दुपारी वरचा थर कोमट. रोहू-कटला तळाशी गप्प. आमच्याकडे पाहुणा ‘बस’ म्हणाला की त्याला अजून दोन पोळ्या हव्यात असं समजतात. मी ढेप-कोंड्याचं एक घमेलं टाकत होतो, ते दीड केलं. काठावर उभा राहून ‘खा रे बाबांनो’ म्हटलंसुद्धा.

आठवड्यात पाण्याला वास सुटला. मग एक मासा आडवा तरंगत आला. पोटावर लाल चट्टा, शेपटीवर बोंड फुटावं तसा पांढरा कापूस. दुसऱ्या दिवशी सात. तिसऱ्या दिवशी मी मोजलेच नाहीत.

शेळ्या करून झाल्या होत्या, कोंबड्याही. बायकोच्या तुरीचा तुकडा मोडून खणलेलं हे तळं शेवटचं. हेही बुडालं तर पुण्याला वॉचमन म्हणून जायचं, असं मीच बोलून बसलो होतो. पन्नाशीचा माणूस, शिट्टी फुंकायलाही दम पुरायचा नाही. तिनं माळ्यावरून बॅग काढली. त्यात दोन शर्ट अन् माझा स्वेटर ठेवला. मला जेवण गेलं नाही, आणि त्या दिवशी तिनं आग्रहही केला नाही.

शेवटी ज्याच्याकडून माशांची पिल्लं आणली होती, त्या रिसोडच्या बीजवाल्याला फोन लावला.

“खाऊ किती टाकून राह्यले भाऊ?”

“दीड घमेलं.”

तो म्हणाला, “पाणी थंड झालं की मासोईचं पोट बी थंड पडते. पचत नाही तिले. तुमचा खाऊ तळाशी सडून राह्यला, अन् त्याच पाण्यात ते श्वास घेते. बंद करा. पहाटे विहिरीचं पाणी सोडा, ते कोमट असते. पण हळूहळू, एकदम नाही.”

“म्हणजे मीच मारले?”

“अर्धे थंडीनं,” तो म्हणाला. माणूस भला होता.

मग रोज पहाटे मी मोटार लावायचो, बायको जाळीनं मेलेले काढायची. बांधाशी खड्डा मीच खणायचो. वर आलेल्या प्रत्येक माशात मला पुण्याचं गेट दिसायचं. सहाव्या दिवशी जाळीत एकच मासा आला. तळाशी किती उरले, दोघांनाही ठाऊक नव्हतं.

घरी आल्यावर ती म्हणाली, “बॅगेतला स्वेटर काढला मी, पहाटे लागते तुमाले. शर्ट राहू द्या तिथंच आठ दिवस.”